करडा ठिपका

भर दुपारी, अंगात ताप नाही, डोळ्यांत झोप नाही, आणि तरीही फ्यूजकाका पलंगावर उताणे पडून होते. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती, ती त्यांनी खाजवली नाही. उशी मानेखालून निसटली होती, ती ओढून घेतली नाही. चहाची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि चहा चुकला की काकांचं डोकं चढतं हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. पण काका ढिम्म हलले नाहीत. छताच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी एक पांढरी डबी बसवलेली होती, आणि तिचा एकुलता एक डोळा त्यांच्यावर रोखलेला होता. खोलीत कुणीच नाही, अशी त्या डोळ्याची खात्री पटायला हवी होती.

कारण सरळ होतं. डबीला बराच वेळ हालचाल दिसली नाही, की काकांच्या मुलीचा फोन येत असे.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला चळ लागला. लागलाही असेल. पण तो एका दिवसात लागलेला नव्हता. त्याची सुरुवात बायको गेली तिथून धरावी लागेल.

काकांचं सगळं आयुष्य वीज कंपनीच्या सबस्टेशनात गेलं. मोठाले खटके, लाल दिवे, हिरवे दिवे, एवढाच त्यांचा संसार. अमुक लाइन चालू, तमुक लाइन बंद, या दोन शब्दांवर त्यांनी पोट भरलं, घर घेतलं, मुलीला शिकवलं. कामावरून घरी यावं तर इमारतीत कुणाचा ना कुणाचा फ्यूज उडालेला असायचाच, आणि बोलावणं यांनाच. तेव्हापासून ते फ्यूजकाका. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते टपालवाल्याशिवाय कुणी वाचत नसे.

सबस्टेशनात एक शिस्त होती. फोनवर जे सांगितलं जाईल ते ऐकणाऱ्याने जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. पलीकडून 'दुसरी लाइन बंद कर' असं आलं, की अलीकडून 'दुसरी लाइन बंद करतो' असं गेलंच पाहिजे. त्याशिवाय खटक्याला हात लावायचा नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर खांबावर चढलेला माणूस जिवानिशी जायचा. ही सवय काकांच्या हाडीमासी इतकी भिनली, की निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. बायको म्हणायची, "येताना पाव आणा." काका म्हणायचे, "येताना पाव आणतो." आणि रिकाम्या हाताने परत यायचे.

मुलगी दुसऱ्या शहरात. मोठी कंपनी, हाताखाली माणसं, डोक्यावर साहेब. आई होती तोवर तिचे फोन आईला. मायलेकींच्या गप्पा सुरू झाल्या, की काका चहा करून पिऊन कप विसळून ठेवायचे, तरी त्या संपलेल्या नसायच्या. अगदी शेवटी बायको फोन त्यांच्या कानाला लावून म्हणायची, "घ्या, बोला लेकीशी."

"बरी आहेस?" काका विचारायचे.

"बरी आहे. तुम्ही, बाबा?"

"मी बरा आहे."

"बरं. आईला द्या."

एवढंच. आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. बायको गेली, तेव्हा फोन काकांच्या हातात राहिला, पण बोलायचं कसं ते काही ती सांगून गेली नाही.

तरी शिकले बिचारे. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. पहिले काही दिवस दोघंही 'हं' आणि 'बरं' यांच्यावर भागवत होते. मग एकदा काकांनी गळका नळ कसा दुरुस्त केला ते सविस्तर सांगितलं, आणि ती हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिफ्टमध्ये अडकलेल्या मास्तरीणबाईंचा किस्सा सांगितला. हळूहळू असं झालं, की दिवसभरात काही घडलं की काका ते मनातल्या मनात बाजूला काढून ठेवायचे. हे संध्याकाळी बबडीला सांगू. बबडी चाळिशी ओलांडलेली होती, तिच्या सहीशिवाय कंपनीत पान हलत नसे, पण काकांची ती बबडीच होती.

मग ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. मोडलं काही नाही. पण उठता येईना, आणि बराच वेळ तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. शेवटी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना हाका ऐकू आल्या. मुलगी मिळेल त्या गाडीने धावत आली. तिचं तोंड पांढरं फटक पडलं होतं. "माझ्याकडे चला" असं ती चारदा म्हणाली आणि काका चारदा "इथेच बरा आहे" म्हणाले. तेव्हा तिने तोडगा काढला. जाण्यापूर्वी तिने घरात त्या पांढऱ्या डब्या बसवून घेतल्या.

बसवायला कंपनीची एक बाई आली होती. चटपटीत होती. तिने मुलीच्या फोनवर सगळं लावून दिलं आणि काकांनाही समजावलं. "कॅमेरा नाही हं काका यात, फोटोबिटो काही निघत नाही. हालचाल तेवढी कळते. तुम्ही हिंडताफिरताय तोवर ताईंच्या फोनवर हिरवा ठिपका, म्हणजे सक्रिय. दिवसाउजेडी बराच वेळ काही हललं नाही की करडा ठिपका, म्हणजे निष्क्रिय. मग ताईंच्या फोनवर घंटा वाजते."

"हिरवा सक्रिय, करडा निष्क्रिय," काकांनी परत म्हणून दाखवलं. "आणि मधलं?"

"मधलं म्हणजे?"

"आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर असायचे. लाइनला जोडलेला असतो, वीज आत आलेली असते, रात्रंदिवस घुमत असतो. पण पुढे वीज घेणारं कुणी नसतं. भार शून्य. त्याला बंद म्हणता येत नाही, आणि चालू आहे म्हणावं तर कुणाच्या कामाचा नाही. तो कुठल्या रंगात दाखवता?"

बाई हसली. "काका, यात दोनच रंग आहेत."

मुलीलाही हसू आलं. काकाही हसले. डब्या बसल्या, मुलगी गेली, आणि घर पुन्हा शांत झालं.

सुरुवातीचे काही दिवस मजेचे गेले. "बाबा, आज लवकर उठलात की!" असा फोन यायचा. "बाबा, बैठकीत फेऱ्या मारत होतात ना? दिसलं मला." काकांनाही कौतुक वाटायचं. पण मग एखाद्या संध्याकाळी फोन यायचाच नाही. नुसता निरोप यायचा, 'दिसताय. छान.' मग निरोपही दिवसाआड. काढायचा म्हटला तरी यात तिचा दोष काढता येत नाही. ती रोज फोन कशासाठी करायची? बाबा कसे आहेत ते विचारायला. आता न विचारताच उत्तर मिळत होतं, दिवसातून दहा वेळा, मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरूनसुद्धा. उत्तर हातात असताना प्रश्न कोण विचारतो?

मग काकांनी स्वतः फोन करावा की! केला त्यांनी.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट?"

"नाही गं, सहज."

"मग नंतर करते हं."

"नंतर करतेस," काका म्हणाले, आणि नंतर ती विसरली. असं तीन-चारदा झालं. आपण केलेला फोन आणि आपल्याला आलेला फोन यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. केलेल्या फोनात आपण दारात उभे असतो. 'सहज' एवढ्या भांडवलावर दुसऱ्याच्या दारात किती वेळ उभं राहणार? काकांनी फोन करणं सोडून दिलं.

आणि मग कबुतराची गंमत झाली. गंमत म्हणायची म्हणून म्हणायची. एका दुपारी काका केस कापायला गेले आणि तिथून बागेत जाऊन बसले. बाकावर त्यांचा डोळा लागला. घरी आले तर स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, ओट्यावर पिसं आणि घाण. ते पुसत असतानाच फोन वाजला. ध्यानीमनी नसताना मुलीचा.

"बाबा, बाजारात उभी आहे, म्हटलं दोन मिनिटं बोलावं. आज दुपारभर स्वयंपाकघरात काय चाललं होतं? सारखं हिरवं दिसत होतं."

काकांच्या हातात ओलं फडकं होतं. 'मी घरीच नव्हतो, कबूतर होतं ते,' असं सांगितलं असतं तर ती खो खो हसली असती. आणि त्याच दिवशी कंपनीला फोन करून तिने आणखी दोन डब्या बसवून घेतल्या असत्या, हेही खरं. पण काकांच्या तोंडून निघालं, "डबे आवरत होतो."

"अरे वा! छान," ती म्हणाली, आणि दुकानदाराशी बोलायला लागली.

फोन ठेवल्यावर काका तसेच ओट्याला टेकून उभे राहिले. आपल्या जागी कबूतर फिरलं तरी लेकीला आपण छान दिसतो. त्यांना फार एकटं वाटलं. बायको गेली त्या दिवशीही इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं.

युक्ती त्यांनी शोधून काढली नाही, ती आपसूक सापडली. थंडी वाजून ताप आला, त्यांनी गोळी घेतली आणि भरदिवसा पांघरुणात गाढ झोपले. जाग आली ती फोनच्या आवाजाने.

"बाबा! बाबा, बोला ना! ठीक आहात ना?"

"ठीक आहे गं. जरा कणकण आहे. झोपलो होतो."

पलीकडे ती रडत होती. आधी रडली, मग रागावली, मग परत रडली. मग म्हणाली, "तुम्ही पडला असाल असं वाटलं मला. परत तशाच ओल्या फरशीवर." मग लहानपणी तिला गोवर आला होता तेव्हा काकांनी रजा काढून तिच्या उशाशी बसून खोटे खोटे फ्यूज जोडायला शिकवलं होतं, ती आठवण निघाली. काका ती साफ विसरून गेले होते. आईची आठवण निघाली. फोन गरम होईपर्यंत दोघं बोलली. ठेवता ठेवता ती म्हणाली, "बरं वाटलं बाबा बोलून." काकांचा ताप त्या संध्याकाळीच उतरला. गोळीने उतरला असेल, पण काकांना विचाराल तर ते गोळीला फारसं श्रेय देणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात काका दुपारी आडवे झाले ते ठरवून. उगीच, बघू तरी, असं स्वतःला सांगून. फोन आला. "डोळा लागला होता," त्यांनी सांगितलं. ती सुटकेचा निःश्वास टाकून हसली, आणि मग फोन केलाच आहे म्हणून घडाघडा बोलत सुटली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग आठवड्यातून दोनदा. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं प्रत्येक वेळी काकांची छाती धडधडायची. पण फोन वाजला, की सगळी लाज कुठल्या कुठे पळायची. पंख्याने पडदा हलला की डबी फसते, हे त्यांना कळलं. मग पंखा बंद करून ते घामात पडून राहायला लागले. खिडक्या आधी घट्ट लावून घ्यायचे, कबुतराचा भरवसा नको म्हणून.

आणि त्या फोनांवर मुलगी काय काय सांगायची! आईला सांगायची ते सगळं. एकदा म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाटतं तुम्हालाच ठिपका आहे? आम्हालाही आहे. ऑफिसच्या कंप्यूटरवर नावापुढे हिरवा ठिपका लागतो. जरा माउस हलवला नाही की पिवळा होतो. पिवळा झाला की साहेब विचारतात, कुठे आहात? परवा मी फायलीत डोकं घालून बसले होते, तरी म्हणे तुम्ही जागेवर नव्हता."

"मग गं?"

"मग काय, वाचता वाचता मधूनमधून माउस हलवते. आपण दोघं एकाच माळेचे मणी."

काका तेव्हा मोठ्याने हसले. पण तिला जागेवरून उठायला आपणच लावतो, तो पिवळा ठिपका आपल्या करड्या ठिपक्यातून निघतो, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. किंवा शिरलं, पण त्यांनी त्याला बसायला जागा दिली नाही.

तर अशी ही दुपार. काका उताणे, नाकाला खाज, पंखा बंद, चहा नाही. नेहमीची वेळ उलटून गेली आणि फोन आला नाही. आणखी थोडं थांबले. मग दाराच्या कुलपात किल्ली फिरली आणि मास्तरीणबाई थेट पलंगापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे घराची एक किल्ली असायची.

"अहो भावजी! जिवंत आहात का?"

"आहे," काका पडल्या पडल्या म्हणाले.

"डोळे टक्क उघडे ठेवून पडलात ते? मी जिने उतरताना काय काय मनात आणलं! लेकीचा फोन आला, म्हणाली मला मीटिंगमधून उठता येत नाही, तुम्ही पळत जाऊन बघा. दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून काय तपश्चर्या चालली आहे?"

"जरा पाठीला आराम देत होतो."

मास्तरीणबाईंनी जन्मभर शाळेत पोरांच्या थापा ऐकल्या होत्या. त्यांनी पंखा लावला, चहा टाकला, दोन कप भरले आणि आपला कप संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "भावजी, माणसाला घाबरवून जवळ आणू नये. एकदा येतो, दोनदा येतो."

संध्याकाळी फोन आला. मुलीचा आवाज दमलेला होता.

"बाबा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्ही मुद्दाम पडून राहता का?"

काकांना आत्ता सांगून टाकावं, असं फार वाटलं. बबडे, तुझ्याशी बोलावंसं वाटतं, एवढंच वाक्य होतं. पण सगळं आयुष्य लाइन चालू, लाइन बंद असंच बोललेल्या माणसाला ते एवढंच वाक्य जड जातं. "छे गं," ते म्हणाले. "डोळा लागला होता."

"मास्तरीणबाई म्हणाल्या डोळे उघडे होते."

"या वयात उघड्या डोळ्यांनीही लागतो कधी कधी."

ती हसली नाही. म्हणाली, "घंटा वाजली की मी मीटिंग सोडून बाहेर पळते, बाबा. दर वेळी. साहेबांनी काल सगळ्यांदेखत टोकलं. म्हणाले, तुमचं लक्ष नाही. चिडत नाहीये मी तुमच्यावर. पण शुक्रवारी माझं सादरीकरण आहे, सगळ्या मोठ्या साहेबांसमोर. वर्षभराचं काम आहे, बढती त्याच्यावरच आहे. तेवढा एक दिवस... तेवढ्या दिवशी हिरवे राहाल?"

"शुक्रवारी हिरवा राहतो," काका म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. दिवसभर."

फोन ठेवल्यावर काकांना आपली लाज वाटली. खरीखुरी, झोप उडवणारी लाज. लेकीची वर्षभराची मेहनत आपण आपल्या दुपारच्या करमणुकीसाठी पणाला लावली. त्यांनी मनाशी पक्कं केलं, की यापुढे असला चावटपणा नाही. शुक्रवारी तर नाहीच नाही.

आणि शुक्रवारी त्यांनी शब्द पाळायचा चंग बांधला. उजाडल्यापासून या खोलीतून त्या खोलीत. कपाटं आवरली. आवरलेली परत काढून परत आवरली. प्रत्येक डबीसमोर थांबून, शाळेत हजेरी द्यावी तसे हात वर करायचे. जेवलेसुद्धा उभ्यानेच, पाव आणि अंडं, बैठकीत फेऱ्या मारत. आदल्या रात्री झोप धड लागली नव्हती, गुडघे बोलायला लागले होते. पण तिकडे आत्ता बबडी बोलत असेल, तिच्या खिशातल्या फोनवर हिरवा ठिपका असेल, या विचाराने अंगात जोर यायचा. भार नाही कसा म्हणता? होता की भार, चांगला डोक्याएवढा. त्या दिवशी काका कुणाच्या तरी कामाचे होते.

दुपारी ते जरा टेकावं म्हणून गॅलरीतल्या खुर्चीवर बसले. फक्त टेकायला. गॅलरीत डबी नव्हती, ते त्यांच्या ध्यानात होतं. पाचच मिनिटं, असं ते स्वतःशी म्हणाले. इतके दिवस झोपेचं सोंग घेणाऱ्या माणसाला त्या दिवशी खरी झोप लागली. गाढ, तोंड उघडं टाकून.

फोन वाजत होता. काका दचकून उठले तर उन्हं कलायला लागली होती. चष्मा कुठे, फोन कुठे. फोन कानाला लावला.

"बाबा, मी बोलतेय."

"अगं बबडे!" काका जवळजवळ ओरडलेच. "अगं मी ठीक आहे! खरंच डोळा लागला गं, आजच्या दिवशी शपथ खरंच लागला! तू आधी परत जा. आत जा. मला काही झालं नाही. साहेबांना सांग—"

"घाबरू नका," ती म्हणाली. "तुमची बराच वेळ हालचाल दिसली नाही, म्हणून फोन केला. ठीक असाल तर एक दाबा. बरं वाटत नसेल तर दोन दाबा, माणूस येईल. काहीच नाही दाबलं, तर मी स्वतः लगेच फोन करेन. काळजी घ्या."

"एक काय दाबायचं? बोलतोय ना मी तुझ्याशी!"

पलीकडे नुसती शांतता. मग ती पुन्हा म्हणाली, "बाबा, मी बोलतेय." तोच सूर. 'घाबरू नका'च्या आधी तोच किंचितसा श्वास.

तेव्हा काकांना कळलं. ती सोय डब्यांच्या कंपनीचीच होती. घंटा वाजली, की आधी हा भरून ठेवलेला आवाज जाणार, आणि त्याला उत्तर नाही मिळालं तरच नातेवाइकाला उठवणार. आवाज कंपनीचाही चालला असता. पण परक्या बाईचा आवाज ऐकून बाबा गोंधळतील, म्हणून मुलीने स्वतःचा भरला होता. शुक्रवारच्या आत, कामाच्या धबडग्यात वेळ काढून भरला होता. शब्द स्वच्छ उच्चारत, बाबांना नीट ऐकू जावं म्हणून.

म्हणजे ती उठून आलेली नव्हती. ती तिकडे आत होती, साहेबांसमोर उभी राहून बोलत होती. काकांचा जीव भांड्यात पडला. आणि भांड्यात पडून तिथेच बुडाला म्हणा, कारण तो ज्या आवाजाची वाट बघत होता तो आता असा रोज मिळणार होता.

"काळजी घ्या," आवाज म्हणाला, आणि उत्तरासाठी थांबला.

काही दाबलं नाही तर ती धावत येईल, हे काकांना माहीत होतं. दालनाचं दार उघडून, सगळ्या साहेबांदेखत. आणि मग खरीखुरी बोलेल. रडेल, रागावेल. अंगठा त्या आकड्यावर ठेवून काका तसेच बसून राहिले.

"बबडे," ते म्हणाले. त्या शांततेत बोलायला कधी नव्हे इतकं सोपं वाटत होतं. "मी मुद्दाम पडून राहायचो गं. तुझा फोन यावा म्हणून. दुसरं काही नाही. तुझी आई होती तेव्हा मला कळलं नाही, तू इतकं छान बोलतेस ते. आजचं तुझं सगळं चांगलं होऊ दे."

"बाबा, मी बोलतेय," ती म्हणाली. "घाबरू नका."

"नाही घाबरत," काका म्हणाले.

आकडा लगेच दाबता आला असता. पण दाबला तर तिचं बोलणं मधेच तुटणार. म्हणून त्यांनी तिला पूर्ण बोलू दिलं, शेवटच्या 'काळजी घ्या'पर्यंत, आणि मग एक दाबला.